जुन्या स्कोअररला परत घ्यायचं का? आधी शॉट क्लॉकचे शेवटचे सात सेकंद बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ३४ वर्षांचा बास्केटबॉलचा गार्ड, सात हंगाम तुमच्याकडे खेळला, दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या संघात गेला आणि आता करार संपून मोकळा आहे. तुमचे पहिले पाच खेळाडू विश्रांतीला बसले की गुणफलक हलत नाही. कप्तानाला तो परत हवा आहे, प्रेक्षकांनाही हवा आहे. तुमच्या मनात मात्र २१ वर्षांच्या त्या पोराची काळजी आहे, ज्याला यंदा कुठे नीट मिनिटं मिळायला लागली आहेत. घ्यावं की नाही?

माझं उत्तर आधीच सांगतो: घ्या, पण १२ ते १५ मिनिटांसाठी, एकाच हंगामासाठी, आणि बेंचवरून यायला त्याने स्वतःच्या तोंडाने होकार दिला तरच. यातलं एक जरी जमत नसेल तर घेऊ नका. हा निर्णय मी प्रशिक्षक म्हणून दोनदा घेतला आहे. एकदा चुकलो, एकदा बरोबर ठरलो. दोन्ही वेळी खेळाडू जवळपास सारखेच होते. फरक मी आधी काय तपासलं यात होता.

सगळ्यात मोठी चूक बेरजेत होते. संचालकांच्या बैठकीत कोणीतरी म्हणतो, ‘गेल्या वर्षी त्याने सरासरी १५ गुण केले, म्हणजे आपले १५ वाढले.’ वाढत नाहीत. ४० मिनिटांच्या सामन्यात संघाच्या वाट्याला साधारण ७० ते ७५ पझेशन, म्हणजे चेंडू ताब्यात घेऊन हल्ला करायच्या संधी, येतात. तो आला म्हणून ती ८५ होत नाहीत. त्याने घेतलेला प्रत्येक शॉट हा दुसऱ्या कोणीतरी न घेतलेला शॉट असतो. मिनिटांचंही तसंच. पाच जागा गुणिले ४० मिनिटं, एकूण २००. त्याला १४ द्यायची तर ती कोणाच्या तरी ताटातून काढावी लागतात. म्हणून तो किती गुण करील हे विचारू नका. तो जे शॉट घेईल ते आज कोण घेतंय आणि त्यातून हाती काय लागतंय, हे विचारा.

याचं उत्तर व्हिडिओत आहे आणि एका संध्याकाळचं काम आहे. शेवटचे दहा सामने काढा. पहिल्या पाचांपैकी तीन किंवा जास्त खेळाडू बाहेर बसलेले आहेत तेवढाच भाग बघा. त्यातही फक्त ती पझेशन वेगळी काढा जिथे शॉट क्लॉकवर (शॉट घ्यायला मिळणाऱ्या २४ सेकंदांच्या घड्याळावर) सात सेकंद किंवा कमी उरलेत आणि अजून शॉट झालेला नाही. वहीत प्रत्येकापुढे एक शब्द लिहा: चांगला शॉट, ओढूनताणून शॉट, चेंडू गमावला, किंवा २४ सेकंद संपले. आवाज बंद ठेवा आणि चेंडूकडे कमी, पायांकडे जास्त बघा. सेट खेळ (आधी ठरवलेली चाल) मोडला की चारही जण जागेवर थिजतात आणि चेंडू हातात निखारा असल्यासारखा फिरतो. शेवटी तो ज्याच्याकडे यायला नको त्याच्याकडे येतो, बहुतेक वेळा सेंटरकडे (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूकडे), थ्री-पॉइंट रेषेच्या बाहेर, घड्याळात दोन सेकंद असताना.

अशी पझेशन भरपूर सापडली तर तुम्हाला खरोखरच असा माणूस हवा आहे, ज्याला स्क्रीन (बचावपटूची वाट अडवायला उभा राहणारा साथी) लागत नाही, पास लागत नाही, एक-दोन ड्रिबलमध्ये जो स्वतःचा शॉट स्वतः तयार करतो. अनुभवी स्कोअररची खरी किंमत तिथे आहे. त्या सात सेकंदांत त्याने दर तीन प्रयत्नांत एक बास्केट केली तरी ती तुमच्यासाठी कमाई आहे, कारण आज तिथे जवळपास काहीच येत नाही. पण तुमचं पाणी दुसरीकडेच मुरत असेल, म्हणजे बेंचवरचे खेळाडू अर्धं मैदान ओलांडतानाच चेंडू गमावत असतील किंवा समोरच्यांना दुसरी-तिसरी संधी देत असतील, तर जगातला कुठलाही स्कोअरर ते दुरुस्त करणार नाही. तेव्हा चेंडू सांभाळणारा गार्ड किंवा रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा उसळलेला चेंडू) घेणारा माणूस शोधा.

आता त्याच्या आकड्यांकडे या, पण सरासरी गुणांपासून सुरुवात करू नका. ट्रू शूटिंग, म्हणजे घेतलेल्या संधींतून खरोखर किती गुण निघाले ते, काढा: एकूण गुण भागिले दुप्पट (फील्ड गोलचे, म्हणजे चालू खेळातल्या शॉटचे, प्रयत्न अधिक ०.४४ गुणिले फ्री थ्रोचे, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचे, प्रयत्न). ०.४४ अशासाठी की प्रत्येक फ्री थ्रो अख्खं अर्धं पझेशन खात नाही. बास्केट होऊन वर मिळालेला एक फ्री थ्रो किंवा टेक्निकल फाउलचा फ्री थ्रो संघाचं वेगळं पझेशन खर्च करत नाही. समजा तुमच्या गार्डने १५ प्रयत्न आणि ५ फ्री थ्रोमधून १८ गुण केले. हिशोब येतो ५२ टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या एकाने ९ प्रयत्न आणि ४ फ्री थ्रोमधून १३ केले, तो ६० टक्क्यांवर जातो. वर्तमानपत्रात पहिल्याचं नाव मोठ्या अक्षरात येतं, सामने दुसरा जिंकून देतो. कोबी ब्रायंटने १३ एप्रिल २०१६ च्या आपल्या शेवटच्या सामन्यात ६० गुण केले, ते आजही अंगावर काटा आणतात. त्यासाठी ५० शॉट घेतले होते. तो निरोप होता आणि त्याला तो शोभला. पण त्याच हंगामात त्याची फील्ड गोलची टक्केवारी ३५.८ होती आणि त्याचा संघ लेकर्स १७ जिंकून ६५ हरला. निरोपासाठी माणूस घेताय की हंगामासाठी, हे स्वतःशी आधी ठरवा. दोन्ही इच्छा प्रामाणिक आहेत, पण त्यांची मिनिटं वेगवेगळी असतात.

वयाचं म्हणाल तर हात शेवटपर्यंत राहतो, पाय आधी जातात. नेम लवकर बिघडत नाही. बिघडते ती शॉटसाठी लागणारी अर्ध्या पावलाची मोकळी जागा. ते आकड्यांत कुठे दिसतं? फ्री थ्रोच्या टक्केवारीत नाही, फ्री थ्रोच्या संख्येत. दर दहा शॉटमागे त्याला किती फ्री थ्रो मिळतात ते तीन हंगामांचं ओळीने मांडा. ती संख्या घसरत असेल तर तो रिंगपर्यंत पोचायचा थांबला आहे आणि पाच मीटरवरून अंग मागे टाकून शॉट घेतोय. गुण काही काळ तेवढेच दिसतात, पण पायाखालची जमीन सरकायला लागलेली असते. मला विचाराल तर सगळा कागद फेकून एकच ओळ ठेवायची झाली तर मी ही ठेवीन.

मग त्याला सरावाला बोलवा. एकटा शॉट मारताना बघून उपयोग नाही. मोकळ्या जिममध्ये चाळिशीतले खेळाडूही सुंदर दिसतात. आधी वीस मिनिटं चार-विरुद्ध-चार पूर्ण कोर्टवर पळवा. त्यानंतर लगेच, पाणी प्यायच्या आत, तीन गोष्टी. पहिली, दहा फ्री थ्रो. थकलेल्या पायांचा शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागतो. चार-पाच तसे लागले तर समजा चौथ्या क्वार्टरमध्ये काय होणार आहे. दुसरी, सलग सहा पिक अँड रोल (साथीच्या स्क्रीनआडून होणारे हल्ले) त्याच्यावर टाका, बचावात. त्याच्या टाचेकडे बघा. स्क्रीन लागण्याआधी टाच उचललेली असेल तर तो वाचतोय, निदान तयार आहे. टाच जमिनीला चिकटलेली असेल तर तो स्क्रीन आदळेपर्यंत वाट बघतोय आणि मग हाताने खेचणार, म्हणजे फाउल. तिसरी, शॉट चुकल्यावर तो मागे पळतो की पंचांकडे बघतो. ही तिसरी गोष्ट वयाची नाही, सवयीची आहे, आणि ३४ व्या वर्षी सवय जाता जात नाही.

बचावाबद्दल जरा थांबून बोलतो, कारण असे प्रयोग तिथेच बुडतात. प्रतिस्पर्धी प्रशिक्षक तुमचा सगळ्यात मंद बचावपटू पाचव्या मिनिटाला ओळखतो. त्यानंतर तो सरळ तुमच्या या गार्डच्या माणसालाच स्क्रीन लावायला बोलावतो, म्हणजे अदलाबदल होऊन त्याचा सर्वात वेगवान खेळाडू तुमच्या ३४ वर्षांच्या माणसासमोर येतो. एकदा आला, दोनदा आला, तिसऱ्यांदा तुमचा सेंटर मदतीला सरकतो आणि कोपऱ्यातला शूटर मोकळा होतो. गुणफलकावर ती बास्केट तुमच्या गार्डच्या नावावर लागत नाही, म्हणून मालकांना दिसत नाही.

उपाय आहेत. त्याला कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या, चेंडू कमी हाताळणाऱ्या खेळाडूवर लावा. अदलाबदल न करता क्षणभर पुढे येऊन परत आपल्या माणसाकडे जायची सवय संपूर्ण पाचजणांना लावा, एकट्या त्याला नव्हे. तो मैदानात असेल तेव्हा दोन भक्कम बचावपटू शेजारी ठेवा. काही मिनिटं झोन खेळा, म्हणजे माणसाऐवजी जागा राखा. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत बचाव करणाऱ्यांवर रिंगखाली तीन सेकंदांचं बंधन नाही, तुमचा सेंटर रिंगखाली ठाण मांडू शकतो, त्यामुळे असा खेळाडू झाकणं अमेरिकेच्या एनबीए लीगपेक्षा सोपं जातं. पण दोन कच्चे बचावपटू एकाच वेळी झाकता येत नाहीत. तुमच्या बेंचवर आधीच असा एक शूटर असेल तर या दोघांना एकत्र मैदानात उतरवता येणार नाही, आणि मग तुमच्या बदलांचं सगळं वेळापत्रकच अडकतं. हे करारावर सही करण्याआधी कागदावर मिनिटामिनिटाने मांडून बघा.

मोठ्या लीगमध्ये, एनबीएत, हे सगळं उघड्यावर घडलं आहे. ॲलन आयव्हरसन डिसेंबर २००९ मध्ये आपल्या जुन्या संघात, फिलाडेल्फियाला, परतला. लू विल्यम्सचा जबडा मोडला होता, गार्डची जागा रिकामी होती आणि प्रेक्षक कमी झाले होते. पहिल्या सामन्याला त्याने मैदानाच्या मधोमध वाकून जमिनीचं चुंबन घेतलं. तो २५ सामने खेळला, सरासरी १३.९ गुण केले, आणि संघाचा हंगाम २७ विजय, ५५ पराभव असा संपला. फेब्रुवारीत मुलीच्या आजारपणामुळे तो बाहेर पडला, त्यात त्याचा काहीच दोष नाही. पण मुळात त्याला बेंचची भूमिका मान्य नव्हती. त्याच हंगामाच्या सुरुवातीला मेम्फिसमध्ये तो तीन सामन्यांत त्याच मुद्द्यावर बाहेर पडला होता. फिलाडेल्फियाने त्याला जवळजवळ प्रत्येक सामन्यात सुरुवातीपासून खेळवलं. त्या संघात १९ वर्षांचा ड्रू हॉलिडे पहिला हंगाम खेळत होता. तुमच्या प्रश्नातला २१ वर्षांचा मुलगा वाचताना मला तोच आठवला.

उलट उदाहरण ड्वेन वेडचं. फेब्रुवारी २०१८ मध्ये मायामीने त्याला क्लीव्हलँडकडून परत आणलं, बदल्यात ड्राफ्टमध्ये नवोदित खेळाडू निवडायचा एक दुसऱ्या फेरीचा हक्क दिला, तोही अटी घातलेला. क्लीव्हलँडमध्येच तो बेंचवरून यायला लागला होता, म्हणजे मनाची तयारी आधीच झालेली होती. त्या वर्षी प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) फिलाडेल्फियाविरुद्ध दुसऱ्या सामन्यात त्याने बेंचवरून येऊन २८ गुण केले आणि त्यांची सलग १७ विजयांची मालिका मोडली. पुढचा, शेवटचा हंगाम तो ७२ सामने खेळला, त्यांतले फक्त दोन सुरुवातीपासून, आणि सरासरी १५ गुण केले. पण प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की मायामी त्या हंगामात ३९-४३ वर राहिला आणि प्लेऑफला पोचला नाही. उत्तम प्रकारे परत आलेला जुना खेळाडूसुद्धा संघाचा दर्जा बदलत नाही. तो एक भोक बुजवतो. तेवढंच मागा.

कार्मेलो अँथनी ह्यूस्टनमध्ये दहा सामन्यांत बाजूला पडला, वर्षभर घरी बसला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, पोर्टलंडने त्याला बिनहमीच्या करारावर घेतलं. तिथे पुढच्या फळीत दुखापतींमुळे खरोखर जागा होती. ५८ सामने, सगळे सुरुवातीपासून, सरासरी १५.४. माणूस तोच, वर्षभराने मोठा झालेला. बदललं ते गरजेचं माप. आणि जमाल क्रॉफर्ड? ९ एप्रिल २०१९ ला, ३९ वर्षांचा असताना, फिनिक्ससाठी बेंचवरून येऊन डॅलसविरुद्ध ५१ गुण. पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हा त्याच्याकडे संघ नव्हता. तीन वेळा सर्वोत्तम सहाव्या खेळाडूचा पुरस्कार मिळवलेल्या माणसाबद्दल मला हे वाचताना वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. पण इतक्या संघांनी एकाच वेळी तसं ठरवलं त्यामागे हिशोब होता: ५१ गुण एका रात्रीचे असतात, बचाव रोजचा असतो.

आता माझी चूक. पहिल्या वेळी मी नाव पाहून घेतलं. खेळाडू चांगला होता, माणूसही चांगला. त्याला काय भूमिका आहे हे मी स्पष्ट सांगितलंच नाही. ‘बघू, जमेल तसं’ म्हणालो. पहिले सहा-सात सामने टाळ्या होत्या. मग एका रात्री व्हिडिओ बघताना माझं लक्ष चेंडूवरून उडून कोपऱ्यात गेलं. आमचा तरुण फॉरवर्ड तिथे उभा होता आणि त्याचे हात खाली होते. आधी तो पास येवो न येवो, दोन्ही तळवे छातीसमोर धरून उभा राहायचा. मी मागचे सामने काढले. चौथ्या सामन्यापर्यंत हात वर होते, सहाव्यापासून खाली. पास येणार नाही हे त्याने गृहीत धरलं होतं. तो कोणाकडे तक्रार करायला आला नाही, सरावाला उशिरा आला नाही, पण त्याची शूटिंग टक्केवारी महिन्याभरात कोसळली आणि मी ती फॉर्मवर ढकलत राहिलो. हंगाम संपता संपता जुना खेळाडू नाराज होऊन गेला आणि त्या पोराला पूर्ववत व्हायला पुढचं अख्खं वर्ष लागलं. त्या वर्षाचा हिशोब मी अजून स्वतःच्या नावावर धरतो.

दुसऱ्या वेळी मी आधी बोललो. सराव संपला होता, तो बाकावर बसून घोट्याची पट्टी सोडत होता. मी सांगितलं, ‘तू सुरुवात करणार नाहीस. दुसऱ्या क्वार्टरला सहा मिनिटं, तिसऱ्याच्या शेवटी आणि चौथ्याच्या सुरुवातीला मिळून सात-आठ. शेवटची चार मिनिटं तू बहुतेक बाहेर असशील, फ्री थ्रोसाठी लागलास तर बोलवीन.’ पट्टी सोडता सोडता तो थांबला. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, ‘सर, माझी ही मिनिटं आत्ता कोण खेळतो? त्याला सांगितलंय का?’

मी त्याच क्षणी होकार दिला. ज्याला स्वतःच्या मिनिटांआधी दुसऱ्याची मिनिटं दिसतात त्याला बेंचवर बसवता येतं. दुसरी उत्तरंही मी ऐकली आहेत. ‘सर, तुम्ही म्हणाल तसं’ हे ऐकायला गोड आहे, पण त्यात होकार नसतो. ते फक्त करार मिळवण्याचं बोलणं असतं. ‘आधी सुरुवातीपासून खेळवून तर बघा’ हे निदान प्रामाणिक आहे, आणि त्याचा अर्थ घेऊ नका असा आहे.

पैशांचं फार लांबवत नाही. एक हंगाम, तुमच्या लीगमध्ये अनुभवी खेळाडूला जो किमान मोबदला असेल त्याच्या आसपास, आणि मधल्या टप्प्यावर दोघांनाही सन्मानाने वेगळं होता येईल असं कलम. दोन वर्षांचा करार मागितला तर नकार द्या. गरज तुमच्या यंदाच्या बेंचची आहे, पुढच्या वर्षी ती तुमच्याच पोराने भागवायला हवी.

आणि त्या पोराबद्दल. त्याची मिनिटं कमी करून याला देऊ नका. तुमच्या वर्णनावरून तो चेंडू आणणारा गार्ड आहे, आणि हा चेंडू मिळाल्यावर शॉट करणारा. दोघांना एकत्र खेळवा. पहिले १५ सेकंद खेळ पोराने चालवायचा, सेट मोडला तर शेवटच्या सातात चेंडू दादाकडे. पोरगं दडपणाखाली शॉट न टाकता पुढच्या वेळी काय करायचं ते दोन मीटरवरून बघतं, आणि जुन्या खेळाडूला अख्खं पझेशन पळावं लागत नाही. मिनिटं काढायचीच असतील तर त्या तिसऱ्या गार्डची काढा, ज्याच्या हातून ती २४ सेकंदांची पझेशन वाया जातायत. त्यालाही समोर बसवून व्हिडिओ दाखवून सांगा, नुसतं यादीतून नाव खाली सरकवू नका.

बातमी बाहेर फुटायच्या आधी २१ वर्षांच्या मुलाला तुम्ही स्वतः फोन करा. सहाय्यकाला करायला लावू नका. त्याला त्याची मिनिटं आकड्यात सांगा, कोणाबरोबर खेळणार ते सांगा. आणि पहिल्या दहा सामन्यांत दर रात्री कोपऱ्यात उभ्या असलेल्या खेळाडूंचे हात वर आहेत का, तेवढं बघत जा.